ड्रायव्हिंग स्कूलचं 'लायसन्ससकट' पॅकेज: क्लच कोण दाबतंय ते आधी बघा

पहिल्याच दिवशी गाडी एकदाही बंद न पडता निघाली, तर खूश व्हायची घाई करू नये. डावीकडे बसलेल्या सरांचा पाय कुठे होता ते आधी बघावं. ठाण्यात घोडबंदर रोडपासून वागळे इस्टेटपर्यंत आणि खाडीपलीकडे वाशी, नेरुळ, खारघरला सोसायट्यांच्या गेटावर ज्यांची पत्रकं असतात, त्या ड्रायव्हिंग स्कूलचं पॅकेज साधारण एकाच साच्याचं असतं. १५ किंवा २० दिवस, रोज अर्धा तास, घरून पिकअप, कच्चं-पक्कं दोन्ही लायसन्स 'आम्ही करून देतो'. हा रिव्ह्यू त्या साच्याचा आहे, कुठल्या एका पाटीचा नाही. ठाण्याची एमएच ०४ असो की नवी मुंबईची एमएच ४३, चूक सगळीकडे एकाच ठिकाणी होते. ती चूक म्हणजे दुसऱ्याचा पाय.

आधी तासांचा हिशेब. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधला ३१ वा नियम सांगतो की खासगी गाडी शिकवताना प्रशिक्षण २१ दिवसांपेक्षा कमी चालेल असं नको आणि प्रत्यक्ष गाडी चालवण्याचे तास १० पेक्षा कमी नकोत. रोज पूर्ण ३० मिनिटं चालवली तर २१ दिवसांत साडेदहा तास होतात, म्हणजे नियम जेमतेम पाळला जातो. १५ दिवसांचं पॅकेज घेतलं की हेच साडेसात तास. आणि अर्धा तास कागदावरचा असतो. गाडी गेटावर येते, मागच्या विद्यार्थ्याला उठवून सीट पुढे-मागे करण्यात चार मिनिटं जातात, शेवटची पाच मिनिटं पुढच्या विद्यार्थ्याच्या बिल्डिंगखाली फोन लावण्यात. हातात उरतात वीस मिनिटं. २० दिवस गुणिले २० मिनिटं म्हणजे ६ तास ४० मिनिटं. त्यातली निम्मी माजिवड्याच्या सिग्नलला न्यूट्रलमध्ये गेली तर कोर्स कितीचा झाला, ते ज्याचं त्यानं मोजावं.

स्कूलला फॉर्म १५ चं रजिस्टर ठेवावं लागतं. कुठल्या तारखेला, किती वाजल्यापासून किती वाजेपर्यंत गाडी चालवली, ते त्यात लिहायचं आणि विद्यार्थ्याची सही घ्यायची. हे रजिस्टर पहिल्याच दिवशी मागून बघावं. ते 'ऑफिसला आहे' असेल आणि शेवटच्या दिवशी वीस सह्या एकदम घेतल्या जात असतील, तर त्या स्कूलबद्दल वेगळं काही विचारायची गरज उरत नाही. चांगल्या ठिकाणी रोजची वेळ रोज लिहिली जाते, आणि एखादा दिवस ट्रॅफिकमध्ये फुकट गेला तर भरून देतात. अशी ठिकाणं आहेत, पण ती शोधावी लागतात.

आता पायाबद्दल. स्कूलच्या गाडीला ड्युअल कंट्रोल असणं नियमानं बंधनकारक आहे, म्हणजे सरांच्या बाजूलाही ब्रेक आणि क्लचची पेडलं. ती सळीनं किंवा केबलनं तुमच्या पेडलांना जोडलेली असतात. सुरक्षेसाठी ही सोय उत्तम. मात्र गाडी सारखी बंद पडली तर मागच्या रिक्षा हॉर्न मारतात, पुढच्या विद्यार्थ्याला उशीर होतो, स्टार्टरवर ताण येतो. म्हणून सर स्वतःच्या बाजूचा क्लच हलकासा धरून ठेवतात. विद्यार्थी डावा पाय कसाही सोडो, गाडी लोण्यासारखी निघते. वीस दिवस ती अशीच निघते आणि एकविसाव्या दिवशी वडिलांच्या गाडीत पार्किंगमधूनच बाहेर येत नाही.

हे ओळखायला सोपं आहे. पायाखालचं पेडल आपण न दाबता खाली सरकलं, म्हणजे सरांनी दाबलं. आपण क्लच झटक्यात सोडला आणि तरी गाडीनं धक्का दिला नाही, इंजिनाचा आवाजही खाली आला नाही, तर तो क्लच तुमच्या हाती, म्हणजे पायी, नव्हताच. चौथ्या-पाचव्या दिवसापासून स्पष्ट सांगावं, 'सर, पाय मागे घ्या, बंद पडू दे.' चांगला शिकवणारा क्लचवरचा पाय सीटखाली ओढून घेतो, दुसरा मात्र ब्रेकजवळ तयार ठेवतो. पहिल्या आठवड्यात दहा-पंधरा वेळा गाडी बंद पडली नसेल, तर शिकवणी तुमची नसून सरांची चालली आहे.

क्लच शिकवायची योग्य पद्धत रेस न देता, म्हणजे ॲक्सिलरेटर न दाबता आहे. सपाट रस्त्यावर फर्स्ट टाकायचा, उजवा पाय ब्रेकवरून उचलून तसाच ठेवायचा, टाच जमिनीवर टेकवून डावा पाय कागदाच्या जाडीएवढा वर आणत राहायचा. एका जागी इंजिनाचा आवाज जड होतो, स्टिअरिंगला हलकी थरथर येते आणि गाडी रांगायला लागते. तिथे पाय थांबवायचा. हाच हाफ क्लच. ती जागा पायाच्या लक्षात येईपर्यंत ॲक्सिलरेटरला हात, म्हणजे पाय, लावू देऊ नये असं बरेच जुने मास्तर मानतात आणि ते बरोबर आहे. पहिल्या दिवसापासून 'रेस द्या, रेस द्या' करणारे सर गाडी बंद पडण्यापासून वाचवतात आणि क्लच प्लेट जाळायला शिकवतात. जळक्या वासाची सवय झालेले विद्यार्थी कमी नाहीत.

गाडी कुठली आहे याचाही फरक पडतो. जुन्या डिझेल गाड्या नुसत्या क्लचवर रांगतात, त्यांवर शिकलेल्याला स्वतःची छोटी पेट्रोल गाडी पहिल्या आठवड्यात छळते. सीएनजीवर तीच गाडी पेट्रोलपेक्षा थोडा कमी जोर देते, त्यामुळे चढावर रेस जरा लवकर आणि जरा जास्त लागते. घरी सीएनजी वॅगनआर येणार असेल, तर स्कूलची गाडीही तशीच मागावी. घरी ऑटोमॅटिक असेल तर कारच्या लायसन्सवर मॅन्युअल-ऑटोमॅटिक असा भेद नसतो, दोन्ही एलएमव्ही, म्हणजे हलकं मोटार वाहनच. तरी शिकायचं मॅन्युअलवर. ऑटोमॅटिकवर बदलणं एका दुपारचं काम आहे. उलट दिशेनं मात्र पुन्हा पहिल्यापासून.

चढ हा या पॅकेजचा सर्वांत कच्चा भाग. चाचणीत काय बघायचं ते त्याच १९८९ च्या नियमांतल्या १५ व्या नियमात लिहिलेलं आहे. त्यात चढावर थांबून, हँडब्रेकचा किंवा रेस आणि फूटब्रेकचा योग्य वापर करून, गाडी मागे न जाऊ देता पुन्हा काढणं स्पष्ट आहे. शिकवताना मात्र मानपाडा किंवा पातलीपाड्याच्या उड्डाणपुलावर एकदा ट्रॅफिक लागलं की तोच 'चढाचा क्लास'. पूल नेहमीच्या वेळेत शिकायची जागा नाही, मागे कंटेनर उभा असतो. ठाण्यात उपवनाहून येऊरकडे जाणारा रस्ता सकाळी लवकर बरा, वनखात्याच्या फाटकापर्यंतचा चढ पुरतो. बेलापूरकरांना पारसिक हिलचा रस्ता आहे. गायमुख घाट शिकाऊ माणसासाठी नाहीच. कुठले सर तिकडे नेत असतील तर शौर्य म्हणून नव्हे, निष्काळजीपणा म्हणून नोंद करावी.

चढावर गाडी काढायचा क्रम असा. हँडब्रेक पूर्ण वर, फर्स्ट गिअर, उजवा पाय ब्रेकवरून काढून थोडी रेस, इंजिनाचा आवाज एकसारखा गुणगुणेल एवढीच. मग क्लच हाफला आणायचा. गाडीला पुढे जायचंय हे तिच्या नाकावरून कळतं, बोनेट किंचित वर उचलल्यासारखं होतं. आता डावा पाय दगडासारखा स्थिर ठेवून हँडब्रेकचं बटण दाबायचं आणि तो सावकाश खाली सोडायचा. गाडी सुटली की मगच क्लच हळूहळू पूर्ण. बिघाड तीन ठिकाणी होतो. बोनेट उचलायच्या आधीच हँडब्रेक सोडला की गाडी मागे जाते. हँडब्रेक सोडताना हात खाली गेला की डावा पायही नकळत उचलला जातो आणि गाडी बंद पडते. आणि घाबरून रेस वाढवली की टायर कुरकुरतात, वास येतो, गाडी उडी मारते. दुसरी चूक सर्वांत जास्त दिसते. तिच्यावर उपाय म्हणजे इंजिन बंद ठेवून, गाडी उभी असताना, डावा पाय हलू न देता वीस वेळा हँडब्रेक वर-खाली करणं. हा सराव पार्किंगमध्ये होतो, त्याला सरांची गरज नाही.

रिव्हर्स बहुतेक ठिकाणी शेवटच्या तीन दिवसांत उरकतात. नियमात उलटं जाऊन डावीकडच्या किंवा उजवीकडच्या अरुंद जागेत गाडी घालणं धरलेलं आहे, तेव्हा त्याला निदान पाच दिवस हवेत. मूळ गोष्ट एवढीच की स्टिअरिंग ज्या बाजूला फिरवाल त्या बाजूला गाडीचा मागचा भाग जातो, आणि त्याच वेळी पुढचं तोंड उलट्या बाजूला फाकतं. नवशिके मागचं सांभाळतात आणि पुढचा कोपरा खांबाला लावतात. गाडी मुंगीच्या चालीनं, स्टिअरिंग मात्र चपळाईनं फिरवायचं. प्रत्यक्षात उलटं होतं, गाडी पळते आणि हात अडखळतात. वेग हाफ क्लचवरच ठेवायचा, रेस नाही. 'खांब त्या काचेत दिसला की पूर्ण डावीकडे फिरवा' अशा खुणा देणारे सर पास करून देतात, पण ती खूण त्याच गाडीची, त्याच उंचीच्या माणसाची आणि त्याच मैदानावरची असते. सीट दोन खाचा पुढे घेतली तरी खूण चुकते. चाकं सरळ कधी झाली हे स्टिअरिंगचे फेरे मोजून कळायला हवं. पूर्ण वळवल्यापासून सरळ यायला छोट्या गाड्यांत साधारण दीड-पावणेदोन फेरे लागतात. आपल्या गाडीचा आकडा एकदा मोजून ठेवावा.

ठाणे आणि नवी मुंबई यांत शिकवणीचा पोत वेगळा पडतो. नवी मुंबईच्या सेक्टरांतले रस्ते रुंद, आखीव. खारघर किंवा सीवूड्सच्या आतल्या रस्त्यांवर तिसऱ्या दिवशी सेकंड, पाचव्या दिवशी थर्ड सहज पडतो. गिअर लवकर येतात, पण चार फुटांवर रिक्षा, सहा फुटांवर टीएमटीची, म्हणजे ठाणे पालिकेची बस आणि मधून माणूस, हे येत नाही. पाम बीच रोडवर गाड्या इतक्या वेगात जातात की शिकाऊ माणूस तिथे फक्त अडथळा ठरतो. ठाण्यात याच्या उलट. गोखले रोडवर शिकलेला कुठेही अर्धा फूट जागा सोडून गाडी काढेल, पण टॉप गिअर त्यानं कधी पाहिलेला नसतो. घोडबंदर रोडवर ट्रक आणि मेट्रोचे बॅरिकेड यांच्यामध्ये लेन बदलायची संधीच कमी. म्हणून वेळ एकच ठेवू नये. पहिले आठ-दहा दिवस सकाळी साडेसहाला उपवन, वसंत विहार, हिरानंदानी इस्टेटच्या आतल्या रस्त्यांवर, आणि शेवटचा आठवडा मुद्दाम सकाळी नऊला गर्दीत. स्कूलला हे आवडत नाही, कारण त्यांच्या बॅचा ठरलेल्या असतात. पैसे भरायच्या आधी बोलून घेतलं तर बहुधा जमतं.

पावसाळ्यात कोर्स टाळणारे बरेच. खरं तर जुलै चांगला. वायपर, ओले ब्रेक, पाण्याखालचे खड्डे सगळं सरांच्या सोबतीत होऊन जातं. फक्त इंधन वाचवायला एसी बंद ठेवणारी स्कूलं पावसात काच धुकटली की फडका हातात देतात. तसं करू देऊ नये. एसी चालू करून हवा पुढच्या काचेवर सोडली की अर्ध्या मिनिटात काच स्वच्छ होऊ लागते. फडक्यानं पुसत गाडी चालवणं ही आयुष्यभराची वाईट सवय ठरते.

'लायसन्ससकट' या शब्दाची किंमतही बघायला हवी. केंद्राच्या नियमातले दर असे: कच्च्या लायसन्सचे १५० रुपये आणि त्या चाचणीचे ५०, पक्क्यासाठी चाचणीचे ३०० आणि लायसन्सचे २००. एका प्रकारच्या वाहनासाठी बेरीज ७०० रुपये, टपालासारखे किरकोळ आकार वेगळे. कार आणि गिअरची दुचाकी दोन्ही हवं असेल तर कच्चं लायसन्स आणि ३०० ची चाचणी प्रत्येकी धरायची. याच्या वर पॅकेजमध्ये जे लावलं जातं तो स्कूलचा मेहनताना. तो घ्यायला हरकत नाही, पण पावतीत वेगळा दाखवावा. अर्ज सरकारच्या सारथी पोर्टलवर स्वतः भरता येतो, चाचणीची तारीखही तिथेच घेता येते. आधार असेल तर कच्च्याची परीक्षा घरून देता येते. वय ४० च्या वर असेल तर डॉक्टरकडून फॉर्म १ ए भरून आणावा लागतो, वय त्याहून कमी असेल तर फॉर्म १ ची स्वयंघोषणा पुरते. स्कूलला अर्ज भरायला दिलाच, तर नोंदवलेला मोबाइल नंबर स्वतःचाच आहे ना हे बघावं. तो एजंटचा निघाला की पुढे पत्ता बदलतानासुद्धा त्याच्या दारात जावं लागतं.

एक गैरसमज मुद्दाम पसरवला जातो: 'आमचं सर्टिफिकेट असलं की टेस्ट नाही.' साधं स्कूल देतं तो फॉर्म ५. तो शिकल्याचा दाखला आहे, त्यानं चाचणी चुकत नाही. सूट मिळते ती मान्यताप्राप्त चालक प्रशिक्षण केंद्राच्या फॉर्म ५ बी ला. ही केंद्रं १ जुलै २०२१ पासून लागू झालेल्या नियमांत बसणारी वेगळीच संस्था आहेत. त्यांच्याकडे स्वतःचा टेस्ट ट्रॅक आणि सिम्युलेटर हवा आणि हलक्या वाहनाचा कोर्स चार आठवड्यांत २९ तासांचा, त्यातले २१ तास प्रत्यक्ष गाडीवर. सोसायटीखालच्या गाळ्यातल्या स्कूलकडे यातलं काही नसतं, तेव्हा तिथे 'टेस्ट नाही' असं ऐकलं की उठून यावं.

चाचणीचं वेळापत्रक आखताना दोन आकडे धरायचे. कच्चं लायसन्स सहा महिने चालतं आणि पक्क्याची चाचणी ते मिळाल्यापासून ३० दिवसांनीच देता येते. कच्चं आल्याच्या आठवड्यात क्लास सुरू करून तारीख चाळिसाव्या-पंचेचाळिसाव्या दिवसाच्या आसपास घ्यावी. नापास झालं तर सात दिवसांनी पुन्हा देता येते, ३०० रुपये पुन्हा भरून. तीनदा नापास झालं तर शेवटच्या चाचणीपासून ६० दिवस थांबावं लागतं आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर आधी सुधारणा प्रशिक्षण पूर्ण करण्याची अट कायद्यात आहे. पाचव्या महिन्यात पहिली चाचणी देणाऱ्याला हे सगळं बसवताच येत नाही. त्याचं कच्चंच संपतं आणि पुन्हा पहिल्यापासून. पॅकेजमध्ये 'नापास झाल्यास दुसऱ्या चाचणीची गाडी फुकट' आहे का, हे विचारून लिहून घ्यावं. टेस्टसाठी गाडीचं भाडं वेगळं लावण्याची पद्धत आहे.

चाचणीत लोक वळणावर किंवा रिव्हर्सला कमी आणि पहिल्या मिनिटात जास्त अडकतात. बसल्या बसल्या सीट, आरसे, बेल्ट, गिअर न्यूट्रलला आहे का हे हलवून बघणं, क्लच दाबून चावी, मागे बघणं, इंडिकेटर, मग हँडब्रेक सोडणं. स्कूलच्या गाडीत रोज आधीच्या विद्यार्थ्यानं गाडी चालू ठेवलेली असते. त्यामुळे हा क्रम वीस दिवसांत चार वेळाही झालेला नसतो, आणि निरीक्षकासमोर माणूस गिअरमध्येच चावी फिरवतो. रोज क्लासच्या सुरुवातीला गाडी बंद करून मगच बसायचं, एवढं सांगितलं तरी पुरे. हँडब्रेक न सोडता निघणं ही दुसरी नेहमीची गफलत. तिसरी म्हणजे आरशात न बघता इंडिकेटर देणं, किंवा वळून झाल्यावर देणं. आरसा, इंडिकेटर, वळण हाच क्रम. चाचणीच्या मैदानाची आखणी ठिकाणागणिक वेगळी असते, आठवडाभर आधी जाऊन बाहेरून पाहून यावी. दुचाकीला सरळ सांगायचं तर पाय टेकू नये, आठ आकडा हळू काढावा आणि नजर पुढच्या वळणावर ठेवावी. त्यापलीकडे त्यात काही नाही.

क्लास संपल्यावर घरच्या गाडीत सराव करताना कच्च्या लायसन्सवर एकट्यानं बसू नये. पक्कं लायसन्स असलेला माणूस शेजारी हवा आणि पुढे-मागे लाल एल हवा. पाटी १८ सेंटिमीटर चौरस, अक्षर निदान १० सेंटिमीटर उंच. स्टेशनरीच्या दुकानातले छोटे स्टिकर यात बसत नाहीत. ही अट मोडलेली असताना ठोकलं तर विमा कंपनीला हात वर करायला निमित्त मिळतं.

गुण द्यायचे तर पिकअप आणि कागदपत्रांना पाचपैकी चार, सपाट रस्त्यावरच्या शिकवणीला तीन, रिव्हर्सला दोन, चढाला एक. पैसे एकदम भरू नयेत. अर्धे पहिल्या दिवशी द्यावेत. उरलेले अर्धे येऊरच्या किंवा पारसिकच्या चढावर, सरांचे दोन्ही पाय सीटकडे ओढलेले असताना, गाडी मागे न जाता तीनदा सलग निघाली की त्याच दिवशी द्यावेत.